ऑटोमॅटिक काढायचा की ठेवायचा?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : काका, बाबांची मर्सिडीज २४० डी आहे. १९८२ची, उजव्या हाताचं स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या दिल्लीतल्या लिलावात वकिलातीची गाडी म्हणून त्यांनी घेतली होती. बाबा गेल्यापासून ती प्रभात रोडच्या घरी पोर्चमध्ये उभी आहे. मी अधूनमधून चालू करून ठेवते, एवढंच. आता पुन्हा वापरायला काढली, तर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना कधी नुसता इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी पुढे सरकत नाही, तर कधी मागून कुणी ठोकल्यासारखा धक्का बसतो. दोन मेकॅनिकनी पाहून ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगितलं. त्यातला एक म्हणतो, अडॅप्टर प्लेट बनवून डिझेल जीपचा गिअरबॉक्स आठवड्यात बसवून देतो. मला हाताने गिअर टाकत गाडी चालवायला आवडतंच, आणि खंबाटकीतून वाईला जाणं-येणं असतं. बसवून घेऊ का? आरटीओत काही अडचण येईल?
— म. कु., प्रभात रोड

उत्तर : ताई, ‘कधी आवाज चढतो, कधी धक्का बसतो’ असं तुम्ही लिहिलंत, तिथेच मी थांबलो. ज्या ऑटोमॅटिकच्या आतल्या प्लेटा खरोखर जळल्या आहेत तो रोज तसाच घसरतो आणि दिवसेंदिवस जास्त घसरत जातो. तुमचा कधी असा, कधी तसा वागतोय. म्हणजे गिअर कधी बदलायचा याचे त्याला मिळणारे हुकूम चुकताहेत, अशी दाट शक्यता आहे. त्यामुळे जीपचा गिअरबॉक्स, मर्सिडीजचा गिअरबॉक्स हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. आधी मी सांगतो त्या तपासण्या करून घ्या. त्यांना फार पैसे लागत नाहीत.

या गाडीत गिअर कधी आणि किती जोरात पडावा हे बऱ्याच अंशी व्हॅक्यूमवर ठरतं. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. डिझेलला तो नसतो, म्हणून इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप दिलेला असतो. त्या एका पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो, दारांचं सेंट्रल लॉक चालतं, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होतं आणि गिअरबॉक्सचा मॉड्युलेटरही चालतो. हे सगळं बारीक नळ्यांनी आणि रबरी जोडांनी जोडलेलं. चाळीस वर्षांत ते रबर कडक होऊन तडकतं.

याची पहिली परीक्षा तुम्ही पोर्चमध्येच घेऊ शकता. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावली की बाकीची दारं आणि डिकी लॉक होतात का? इंजिन चालू असताना किल्ली बंद केली की ते लगेच थांबतं, की थोडा वेळ धुगधुगत राहतं? दारं लॉक होत नसतील किंवा इंजिन रेंगाळत असेल, तर व्हॅक्यूम कुठेतरी गळतोय. तो गिअरबॉक्सला कमी पोचला की शिफ्ट आपटतो. तुमचा धक्का तिथूनच येत असण्याचा संभव मोठा आहे.

मग मॉड्युलेटर पाहायचा. गिअरबॉक्सच्या कुशीला असलेली ही छोटी गोल डबी. आत पडदा असतो. तो फाटला तर गिअरबॉक्सचं ऑइल नळीतून थेट व्हॅक्यूम पंपाकडे ओढलं जातं आणि तिथून इंजिनात जातं. गाडीखाली एक थेंब दिसत नाही, तरी ऑइल कमी होत राहतं, आणि कमी ऑइलवर गिअरबॉक्स घसरू लागतो. हातपंपाने मॉड्युलेटरला व्हॅक्यूम द्यायचा आणि काटा स्थिर राहतो का ते बघायचं. काटा खाली येत असेल तर मॉड्युलेटर बदला. तुमची दोन्ही लक्षणं या एका सुट्या भागातून येऊ शकतात.

ऑइलची पातळी बघायची तीही नीट पद्धतीने : गाडी सपाट जागी, चांगली चालवून गरम झालेली, इंजिन चालू, लिव्हर ‘पी’वर. काडीवरच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे जेमतेम अडीचशे-तीनशे मिली ऑइल. थंड गाडीची काडी बघून कुणी अर्धा लिटर ओतलं असेल तर तेही नुकसानच करतं. ऑइल लालसर आहे की करपलेलं तपकिरी, वास कसा येतो, ते पाहा. नंतर खालचं पॅन उतरवा, फिल्टर बदला. पॅनच्या तळाशी करडी बारीक पूड दिसली तर घाबरू नका, ती वयाची आहे. काळ्या पापुद्र्यांचे तुकडे किंवा धातूचे चमकणारे कण दिसले, तर मात्र तो खरंच संपलाय. नवं ऑइल भरताना टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला, ऑइलवर चालणारा भाग) ड्रेन बोल्टही उघडायला सांगा. बरेच जण फक्त पॅन रिकामं करतात आणि जुनं ऑइल आतच राहतं. ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी केबलही ताणून तपासा.

इतकं करूनही तिसरा गिअर घसरत असेल, तर पुढचं वाचा.

तेव्हा दोन रस्ते उरतात. ऑटोमॅटिक उघडून आतल्या प्लेटा, सील बदलायचे, किंवा मॅन्युअल बसवायचा. मला विचाराल तर २४० डीमध्ये मॅन्युअल शोभतो. हे इंजिन ७२ अश्वशक्तीचं. इतक्या जड गाडीला ते पुरतं, पण उरत नाही, आणि टॉर्क कन्व्हर्टर त्यातलंही थोडं गिळतो. हाताच्या गिअरवर हीच गाडी खंबाटकीचा चढ दुसऱ्या-तिसऱ्यात शांतपणे चढते, आणि उतरताना इंजिनाचा रोध पूर्ण मिळतो. ऑटोमॅटिकमध्येही लिव्हरच्या ‘डी’खालच्या जागा घाटासाठीच आहेत, पण तिथे लिव्हर ओढायची सवय आपल्याकडे फार थोड्यांना असते. शिवाय कंपनीने ही गाडी चार गिअरच्या मॅन्युअलमध्येही विकलेली आहे. म्हणजे लागणारा प्रत्येक भाग कधीतरी कारखान्यात याच गाडीसाठी बनलेला आहे. काहीही कापायचं नाही, जोडायचं नाही.

म्हणूनच जीपच्या गिअरबॉक्सला माझा स्पष्ट विरोध आहे. तो गिअरबॉक्स वाईट असतो असं मुळीच नाही. आपल्या जीपमध्ये तो उत्तम काम करतो. अडचण मधल्या प्लेटची आहे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत लागतात, आणि त्यात चूक चालते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. भोसरीत हे काम डायल लावून मापात करणारे टर्नर आहेत. पण ‘आठवड्यात देतो’ म्हणणारा माणूस तिथवर जात नाही. तो गॅस कटरने प्लेट कापतो, भोकं अंदाजाने पाडतो. मग क्लच थरथरतो, इनपुट बेअरिंग ओरडायला लागतं, आणि गिअर लिव्हर वर यावी म्हणून टनेल (गाडीच्या तळाचा मधला पत्र्याचा उंचवटा) कापलेलं असतं ते वेगळंच. इतक्या जपलेल्या गाडीला हे करू नका, ताई.

पुण्यात आणखी एक सल्ला हमखास मिळेल, तोही आत्ताच निकाली काढतो. १९९५पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ गाड्या जोडल्या जायच्या. त्यातल्या बऱ्याच मॅन्युअल होत्या आणि त्यांचे गिअरबॉक्स आजही भंगारात मिळतात. ‘मर्सिडीजचाच आहे, बसेल’ असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. त्या इ २५० डीचं इंजिन नंतरच्या, वेगळ्या मालिकेतलं. तुमचं जुनं, ओएम ६१६ नावाचं. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं घंटेसारखं कवच) बोल्टची भोकंच जुळत नाहीत. तुम्हाला डब्ल्यू १२३च्या, म्हणजे तुमच्याच मालिकेतल्या आणि तुमच्याच इंजिनाच्या गाडीचा गिअरबॉक्स हवा.

तो मिळणं अशक्य नाही. या मालिकेच्या जगभरात सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, आणि बाहेरून मागवायचा झाला तर इंग्लंड किंवा दक्षिण आफ्रिका. हे दोन देश मुद्दाम सांगतोय, कारण तिथेही स्टिअरिंग उजवीकडे. गिअरबॉक्स डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा चालेल, पण पेडलचा सांगाडा चालणार नाही, आणि सगळ्यात जास्त शोधावा लागतो तो नेमका हाच. म्हणून आधी पेडलचा सांगाडा हातात येऊ द्या, मगच गिअरबॉक्सचे पैसे द्या.

शक्य झाल्यास एकाच गाडीचं सगळं सामान घ्या : बेल हाउसिंगसकट गिअरबॉक्स, फ्लायव्हील आणि त्याचे बोल्ट, गिअर लिव्हर आणि तिच्या तिन्ही दांड्या, क्लच आणि ब्रेकची पेडल, क्लचचा मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, मधला पाइप, मागचा गिअरबॉक्स ब्रॅकेट, आणि प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा अर्धा भाग. शाफ्ट विसरू नका, ऑटोमॅटिकच्या आणि मॅन्युअलच्या शाफ्टची लांबी वेगळी आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, शाफ्टचे रबर कपलिंग आणि लिव्हरच्या दांड्यांचे बुश मात्र नवेच टाका. जुन्या बुशांवर कितीही चांगला गिअरबॉक्स असला तरी लिव्हर ढवळल्यासारखी वाटते, आणि मग लोक गिअरबॉक्सलाच दोष देतात.

बसवताना मेकॅनिकपाशी उभं राहून काही गोष्टी स्वतः पाहा. क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग बसवलं का? ऑटोमॅटिक गाडीत ते नसतं, आणि ते राहून गेलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. ऑटोमॅटिकची जुनी फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) आणि आणलेलं फ्लायव्हील, दोन्ही बॅलन्सिंगवाल्याकडे बरोबर नेलं का? नवं फ्लायव्हील जुन्याच्या बॅलन्सशी जुळवून घ्यायचं असतं, नाहीतर चांगलं इंजिन विनाकारण हादरत राहतं. रेडिएटरमधून जाणाऱ्या ऑटोमॅटिकच्या ऑइलच्या नळ्या काढून तोंडं नीट बंद केली का? ऑटोमॅटिकमध्ये स्टार्टर फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्ये फिरतो. तो स्विच जोडून घेतला नाही तर गाडी चालूच होणार नाही. रिव्हर्सच्या दिव्याची तारही त्याच स्विचवर होती, ती मॅन्युअलच्या स्विचवर न्यायला हवी.

क्लचचं ऑइल वेगळ्या डबीत नसतं, ते ब्रेकच्याच डबीतून येतं. तुमच्या डबीला त्यासाठीची नळी बहुधा आधीपासून असेल, फक्त बंद केलेली. आता क्लचच्या नळीत अडकलेली एअर काढण्याबद्दल, कारण इथेच दिवस वाया जातात. क्लचचं पेडल कितीही मारलं तरी या गाडीची एअर वरून नीट निघत नाही. कारखान्याची पद्धत उलटी आहे : पुढच्या उजव्या ब्रेकच्या कॅलिपरचा निपल आणि क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचा निपल एका पारदर्शक नळीने जोडायचे. आधी नळी ऑइलने भरून घ्यायची, मग दोन्ही निपल उघडून ब्रेकचं पेडल सावकाश मारायचं. ऑइल खालून वर चढतं आणि एअर डबीत निघून जाते. पेडल वर सोडताना प्रत्येक वेळी कॅलिपरचा निपल बंद हवा. क्लच पहिल्या बैठकीत कडक होतो.

आणि गिअरबॉक्समध्ये ऑइल कोणतं? एटीएफ. ऑटोमॅटिकचं लाल, पातळ ऑइल या मॅन्युअललाही लागतं. मेकॅनिक सवयीने ९० नंबरचं घट्ट ऑइल ओततील. त्यांना थांबवा. घट्ट ऑइलवर सकाळी थंड गाडीचा दुसरा गिअर पडता पडत नाही, आणि गिअर न करकरता पडावा म्हणून असलेल्या सिंक्रो रिंगा हकनाक झिजतात.

डिफरन्शियल आहे तोच ठेवा. चौथ्या गिअरला ताशी १०० किलोमीटरला इंजिन साधारण ३,१०० फेऱ्यांवर असेल. द्रुतगती मार्गावर थोडा आवाज होईल, पण या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. पाच गिअरचाही बॉक्स या गाडीला होता, पण तो इतका दुर्मीळ की त्याच्यासाठी थांबून राहू नका.

आता आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२चा गाभा असा, की आरसीवरचा तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, क्षमता, बॉडीचा प्रकार असतो. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. तुमचं इंजिन तेच, चासी तीच, आणि गिअरबॉक्सही कंपनीनेच या मॉडेलला दिलेला. तरी विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा. त्याआधी आरसीची मुदत बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी उभी होती म्हणता, तेव्हा ते राहून गेलं असण्याची शक्यता आहे. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन आधी कागद सरळ करा, मग खर्चाला हात घाला.

उतरवलेला ऑटोमॅटिक भंगारात देऊ नका. ऑइल भरलेलं ठेवून, तोंडं बंद करून, कन्व्हर्टरसकट लाकडी खोक्यात ठेवून द्या. त्याचा नंबर तुमच्या गाडीच्या मूळ कागदांशी जुळतो. पुढे कुणाला गाडी होती तशी करायची असली, तर त्याला ती करता आली पाहिजे.

प्रश्न : काका, आजोबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आता मी चालवतो. स्टिअरिंगच्या दांड्याचा गिअर अडकतो, पहिला तर करकरतोच. प्रीमियरच्याच नंतरच्या ११८ एनई गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स टाकून खाली गिअर घ्यावा म्हणतोय. शेवटच्या पद्मिनीलाही खाली गिअर होता ना?
— अ. शि., हडपसर

उत्तर : होता, पद्मिनीच्या शेवटच्या एस१ मॉडेलला. पण तुझी गाडी १९७८ची आहे आणि २०२८मध्ये ती पन्नास वर्षांची होईल. केंद्राने २०२१मध्ये नियम केलाय : पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. ११८ एनईचं निसानचं ११७१ सीसी इंजिन टाकलंस आणि टनेल कापलंस, की दोन वर्षांवर आलेला हा दरवाजा तू स्वतःच्या हाताने बंद करशील. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही हे खरं, त्यामुळे ती घ्यायची की नाही हे तेव्हा ठरव. पण पर्याय हातात असू दे. शिवाय इंजिन बदललं की नंबर बदलतो, क्षमता १०८९वरून वाढते, म्हणजे आरटीओची परवानगी आलीच. आणि या गाडीला वेगळी चासी नाही. खालचा पत्रा, टनेल, दोन्ही बाजूंच्या सिल मिळूनच तिचा कणा आहे. तो कापू नये.

तुझा रोग बहुतेक बुशांचा आहे. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जे जोड आहेत त्या प्रत्येकात थोडी थोडी झीज होते, आणि ती साठून लिव्हरला वीतभर ढिलाई येते. मग दोन गिअरच्या मध्ये दांडा फसतो. सगळे बुश एकदम बदल, एखादा नाही. नाना पेठेत मिळाले नाहीत तर टर्नरकडून पितळेचे करून घे. क्लच पूर्ण सुटतोय ना तेही बघ.

पहिला करकरणारच, कारण त्याला सिंक्रो नाही. दुसरा, तिसरा, चौथा यांना आहे. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नकोस. दिवे घाटात चढावर वेग अगदीच पडला आणि चालत्या गाडीत पहिला हवाच असेल, तर डबल क्लच : क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, ॲक्सिलरेटरला एक टोला दे, परत क्लच दाबून पहिला टाक. टोला बरोबर बसला की दांडा आपोआप आत जातो. आजोबांना विचार, त्यांच्या पायाला अजून आठवत असेल.

प्रश्न : अँबेसेडर, जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. कात्रजच्या चढावर क्लच घसरतो. मेकॅनिक म्हणतो बेल हाउसिंगमध्ये ऑइल येतंय, इंजिन उतरवून मागचं सील बदलू.
— वि. दे., धनकवडी

उत्तर : दादा, कोणतं सील? या ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या इंजिनाच्या क्रँकला मागे रबरी सीलच नाही. तिथे क्रँकवर आटे कापलेले आहेत, आणि ते फिरताना ऑइल परत आत ढकलतात. थोडं पाझरणं हे मूळ रचनेतच आहे. बेल हाउसिंगच्या तळाला त्यासाठी भोक ठेवून त्यात स्प्लिट पिन घातलेली असते, म्हणजे ऑइल साठत नाही आणि भोकही बुजत नाही. ती पिन चिखलाने माखली असेल तर साफ करा. मग टॅपेट कव्हरजवळचा ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) काढून डिझेलमध्ये धुवा. तो तुंबला की इंजिनात दाब साठतो आणि ऑइल मागून बाहेर येतं. एवढं करून पंधरा दिवस चालवा. तरी घसरला तर प्लेट ऑइलने भिजलेली आहे, ती धुऊन सुधारत नाही. प्लेट बदलताना रिलीज बेअरिंगही बदला. अँबेसेडरचं ते कार्बनचं असतं, सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की झिजतं. स्वारगेटच्या गर्दीत गाडी न्यूट्रलला ठेवून पाय काढून घेत जा.